प्रश्न परत पाठवू नका, पोचता करा: पुण्यातल्या तांत्रिक मदत-ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना खुले पत्र

प्रति,
पुणे आणि परिसरातल्या प्रोग्रॅमिंग, सर्व्हर, लिनक्स, डीटीपी आणि ऑफिस-संगणक या विषयांच्या मदत-ग्रुपचे सर्व ॲडमिन,

सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडमधल्या एका छोट्या पतसंस्थेत १९ वर्षं नोकरी करते आहे. लागले तेव्हा खतावणी लिहायचं काम होतं. आज संस्थेचा सर्व्हर, रोजचा बॅकअप, मुदत संपणाऱ्या ठेवींच्या याद्या, सगळं माझ्याकडे आहे. संगणकाची पदवी माझ्याकडे नाही. स्क्रिप्ट (संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल) लिहायला मी शिकले ती आपल्याच ग्रुपमधल्या लोकांना विचारून विचारून. त्या लोकांचे उपकार मी विसरलेले नाही, म्हणून पुढचं सगळं घरच्या माणसाचं गाऱ्हाणं समजून वाचावं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेचा रात्रीचा बॅकअप सलग १४ दिवस आपोआप झाला नाही. त्यातले पहिले ५ दिवस ते मला कळलंही नव्हतं. पुढचे ९ दिवस मी रोज संध्याकाळी थांबून, रविवारीसुद्धा येऊन, हाताने बॅकअप घेत होते आणि उरलेल्या वेळात एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरत होते.

प्रश्न साधा दिसत होता. बॅकअपच्या फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून मी क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉन हा प्रोग्रॅम ठरल्या वेळी आपोआप चालवतो त्या आज्ञांच्या यादीच्या, ओळीतच डेट आज्ञा घालून ती तारीख स्क्रिप्टला दिली होती. तीच ओळ टर्मिनलवर हाताने चालवली की बॅकअप व्यवस्थित व्हायचा. रात्री साडेदहाला मात्र काहीच घडायचं नाही.

आधी प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं, “ताई, हे क्रॉनचं आहे, प्रोग्रॅमिंगचं नाही. सर्व्हरवाल्यांना विचारा.” दहा मिनिटांत माझा मेसेज काढून टाकलेला होता. सर्व्हरच्या ग्रुपवर गेले. तिथे म्हणाले, “सर्व्हर चालू आहे ना? मग स्क्रिप्ट तुमची चुकली असणार. प्रोग्रॅमिंगवर टाका.” मी सांगितलं की तिथूनच आले आहे. त्यावर कोणी काही बोललं नाही. शेवटी लिनक्सच्या ग्रुपवर लिहिलं, तर एकाने ओळखलं की हाच मजकूर त्याने आधी दोन ठिकाणी पाहिला आहे. एकच प्रश्न तीन ठिकाणी टाकल्याबद्दल मला दोन दिवस लिहायला बंदी झाली. नियम होता, पिन केलेल्या मेसेजमध्ये लिहिलेला होता, आणि मी तो मोडला होता हे खरं आहे.

नवव्या दिवशी त्याच ग्रुपमधल्या एका मुलाने मला खाजगीत लिहिलं, “काकू, क्रॉनटॅबमधली ती ओळ जशीच्या तशी पाठवा. स्क्रिप्ट नको.” मी पाठवली. दोन मिनिटांत त्याचं उत्तर आलं. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ असतो. तिथे ते नव्या ओळीसारखं धरलं जातं आणि पहिल्या टक्क्यापुढचा सगळा मजकूर आज्ञेचा भाग न राहता आज्ञेला इनपुट म्हणून जातो. तारखेचा साचा टक्क्याच्या चिन्हांनीच लिहितात, त्यामुळे माझी आज्ञा रोज रात्री अर्ध्यावर तुटत होती. टक्क्याच्या आधी एक उलटी तिरकी रेघ घालायची होती, बस्स. क्रॉनच्या नोंदींमध्येही ओळ नेमकी तिथेच तुटलेली दिसत होती, पण नोंदी कुठे पाहायच्या हे मला ९ दिवसांत कोणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही.

आता मला सांगा, हा प्रश्न कुठल्या ग्रुपचा होता? क्रॉनटॅबच्या मॅन्युअलमध्ये ही गोष्ट स्वच्छ लिहिलेली आहे, म्हणजे लिनक्सच्या ग्रुपचा, असं आज मी ठामपणे सांगू शकते. पण हे मला उत्तर मिळाल्यावर कळलं. त्याआधी कळण्याचा काही मार्गच नव्हता. दोष कुठे आहे हे माहीत असतं तर मी विचारायला आले असते कशाला? “योग्य ठिकाणी विचारा” असं आपण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला सांगतो, तेव्हा आपण त्याच्याकडे उत्तराचा अर्धा भाग आधीच मागत असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की स्क्रिप्टच्या प्रश्नाची जागा ठरवण्याचं काम विचारणाऱ्याचं नाही, ते आपलं आहे. आपल्याकडे नकाशा आहे, त्याच्याकडे तो नाही.

बाकीच्या प्रश्नांचं असं होत नाही. जावाचा क्लास कंपाइल होत नसेल तर तो प्रोग्रॅमिंगचा प्रश्न, स्विचला आयपी मिळत नसेल तर नेटवर्कचा. स्क्रिप्टचा स्वभावच वेगळा आहे. ती स्वतः थोडं काम करते आणि बाकीचं दुसऱ्यांकडून करून घेते: क्रॉनकडून, डेटाबेसकडून, फाइल सिस्टिमकडून, कोणीतरी विंडोजवर सेव्ह करून पाठवलेल्या सीएसव्हीकडून. तिचं कुठे बिघडलं याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की दोन गोष्टींच्या सांध्यावर काहीतरी अडकलं. आपले ग्रुप मात्र सांध्यांवर नाहीत, आपापल्या हद्दीत आहेत.

एक गोष्ट मात्र मी स्पष्टच मांडते, कारण प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपवर ती वारंवार ऐकते. “बॅश म्हणजे प्रोग्रॅमिंग नव्हे.” हे बरोबर नाही. बॅश हे एक शेल आहे, म्हणजे आपल्या आज्ञा आणि स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्रॅम. स्टीफन बोर्न यांचं शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलं. बोर्न यांनी त्याचं वर्णनच आज्ञांची प्रोग्रॅमिंग भाषा असं केलं होतं. त्यात व्हेरिएबल होते, अटी होत्या, लूप होते. बॅश १९८९ मध्ये त्याच वाटेने आलं. व्हेरिएबलला अवतरण चिन्हं न लावल्यामुळे “जून पगार” नावाच्या फाइलचे शेल दोन तुकडे करतं, तेव्हा तो भाषेच्या नियमांचा प्रश्न असतो. पायथनमधल्या इंडेंटेशनचा प्रश्न जितका प्रोग्रॅमिंगचा, तितकाच हाही. तो लिनक्सवर पाठवण्याचं काही कारण नाही. एक्सेलच्या मॅक्रोचंही तेच. मॅक्रो लिहायची भाषा, व्हीबीए, १९९३ पासून एक्सेलमध्ये आहे. आपल्या शहरातल्या किती सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं त्यावर निघत असतील! सोसायटीचे सेक्रेटरी काका मॅक्रोमधला लूप थांबत नाही म्हणून विचारतात, तर त्यांना “ऑफिस ग्रुपवर जा” असं सांगितलं जातं. फॉर्म्युल्याने किंवा पिव्हट टेबलने काम होत असेल तर जरूर ऑफिस ग्रुप. पण त्यांनी लूप लिहिलेला आहे. ते प्रोग्रॅमिंग करत आहेत, आणि सत्तरीत करत आहेत. त्यांना दाराबाहेर उभं करू नका.

माझा स्वतःचा पडताळा असा आहे की प्रश्नाची जागा भाषेवरून ठरवली तर निम्म्या वेळा चुकते, आणि विचारणाऱ्याच्या हुद्द्यावरून ठरवली तर जवळजवळ नेहमीच चुकते. अडलं कुठे यावरून ठरवली तर बरीच बरोबर येते. त्यासाठी फार खोदावं लागत नाही. हाताने चालवली तर चालते का? दुसऱ्या युजरने, दुसऱ्या मशीनवर चालवली तर? दोन्हीकडे सारखीच चुकत असेल तर दोष बहुधा लिहिलेल्या मजकुरात आहे, प्रश्न प्रोग्रॅमिंगचा. वेळ बदलली, युजर बदलला किंवा मशीन बदललं की वागणं बदलत असेल, तर भोवतालचा प्रश्न आहे आणि सर्व्हर किंवा लिनक्सवाल्यांनी तो घ्यावा. आणि तिसरी गोष्ट, एररचा पूर्ण मजकूर मागा, फोटो नको, मजकूर. युनिक्सच्या जगात एररच्या सुरुवातीला बहुतेक वेळा बोलणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव असतं. तक्रार बॅश करतोय, सेड करतोय की टार करतोय हे तिथेच लिहिलेलं असतं, आणि नवख्या माणसाला ते वाचायचं असतं हेच माहीत नसतं.

दोन उदाहरणं देते, दोन्ही याच वर्षी मी ग्रुपवर पाहिलेली. भोसरीतल्या एका वर्कशॉपमधल्या मुलाने विंडोजच्या नोटपॅडमध्ये स्क्रिप्ट लिहिली आणि लिनक्सच्या मशीनवर टाकली. एरर आली, बॅड इंटरप्रिटर. त्याला वाटलं बॅशच इन्स्टॉल नाही, म्हणून तो सर्व्हरच्या ग्रुपवर आला. खरं कारण असं की विंडोज ओळीच्या शेवटी दोन अक्षरं ठेवतं आणि युनिक्स एकच. ते जास्तीचं न दिसणारं अक्षर पहिल्या ओळीतल्या बॅशच्या नावाला चिकटतं, आणि त्या नावाचा कुठलाच प्रोग्रॅम मशीनवर नसतो. हा प्रश्न विंडोजचा म्हणावा, लिनक्सचा की एडिटरचा? तिघांचाही. सर्व्हर ग्रुपवरच्या कोणालाही तो एका ओळीत सोडवता आला असता. पण तिथे चर्चा झाली ती हा प्रश्न इथे चालतो का यावर, चाळीस-एक मेसेज.

दुसरं उदाहरण एका विद्यार्थिनीचं. तिच्या लॅपटॉपवर चालणारी स्क्रिप्ट कॉलेजच्या उबुंटू मशीनवर कंस अनपेक्षित असल्याची तक्रार करत होती. तिथे ती स्क्रिप्ट एसएच या आज्ञेने चालवली जात होती. उबुंटूमध्ये २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून एसएच म्हणजे बॅश नाही, डॅश नावाचं दुसरं शेल आहे, आणि डॅशला बॅशसारखे ॲरे (एका नावाखाली ठेवलेल्या अनेक किमती) कळत नाहीत. तिचा प्रश्न लिनक्सच्या ग्रुपने प्रोग्रॅमिंगकडे पाठवला, तिथे कोणीतरी “आमच्याकडे तर चालतं” म्हणालं आणि विषय संपला. ती पुन्हा कुठल्याच ग्रुपवर दिसली नाही. मला तिची चुटपुट लागून राहिली आहे.

आपली अडचण मला समजत नाही असं नाही. रात्री अकराला कुणाचा तरी सर्व्हर बंद पडलेला असतो, आणि ज्या ग्रुपवर त्याला मदत मिळायची त्यावर त्याच वेळी असाइनमेंटचे फोटो येऊन पडतात. उत्तरं देणारे दहा-बारा लोक असतात, तेही नोकरी-संसार सांभाळून. एकच प्रश्न तीन ठिकाणी आला की तीन माणसं त्याच दगडावर डोकं फोडतात आणि एकमेकांना पत्ता नसतो. त्यामुळे हद्दी हव्यातच. सगळे ग्रुप एक करा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर चांगली उत्तरं देणारी माणसंच पहिल्यांदा निघून जातील.

स्टॅक एक्स्चेंज या तांत्रिक प्रश्नोत्तरांच्या मोठ्या जाळ्यानेही हद्दी आखल्याच. स्टॅक ओव्हरफ्लो २००८ मध्ये प्रोग्रॅमरांसाठी सुरू झालं. २००९ मध्ये सर्व्हर फॉल्ट आलं ते सिस्टिम आणि नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी, सुपर यूजर आलं ते संगणक वापरणाऱ्यांसाठी, आणि २०१० मध्ये युनिक्स अँड लिनक्स आणि आस्क उबुंटू आली. आज बॅशच्या स्क्रिप्टचा एखादा प्रश्न यातल्या तीन-चार ठिकाणी रीतसर चालू शकतो. त्यांनाही रेघ पूर्ण स्वच्छ आखता आलेली नाही. पण त्यांनी एक गोष्ट केली जी आपण केलेली नाही. चुकीच्या ठिकाणी आलेला चांगला प्रश्न तिथे हलवता येतो. विचारणाऱ्याच्या नावासकट, मजकुरासकट तो नव्या ठिकाणी जातो आणि जुन्या ठिकाणी त्याचा दुवा राहतो. विचारणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागत नाही आणि दोनदा विचारल्याचा ठपकाही येत नाही. त्यालाही मर्यादा आहेत, ६० दिवसांपेक्षा जुना प्रश्न हलवता येत नाही. पण हलवणं हे चालवणाऱ्यांचं काम मानलं गेलं आहे, हे महत्त्वाचं.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर तसं बटण नाही. हाताने करावं लागेल. पण आपण सगळे ॲडमिन एकमेकांना ओळखता, निम्मे तर एकमेकांच्या ग्रुपमध्ये आहात. अप्पा बळवंत चौकात एखाद्या दुकानात हवं ते पुस्तक नसलं की दुकानदार गिऱ्हाइकाला बसवतो आणि पोऱ्याला शेजारच्या दुकानात पिटाळतो. गिऱ्हाइकाने कुठल्या दुकानात कुठल्या प्रकाशनाची पुस्तकं मिळतात हे पाठ करून यावं अशी तिथे कोणाची अपेक्षा नसते. तेवढंच आपल्याकडे व्हावं. स्क्रिप्टचा प्रश्न आपल्याकडे आला आणि तो आपला नाही असं वाटलं, तर काढून टाकण्याआधी वर लिहिलेल्या तीन गोष्टी विचारा, उत्तरांसकट तो प्रश्न दुसऱ्या ॲडमिनकडे स्वतः पाठवा, आणि विचारणाऱ्याला कळवा की तो आता कुठे आहे. तो त्या ग्रुपमध्ये नसेल तर त्याला घ्या, किंवा उत्तर आणून द्या. तीन ठिकाणी विचारू नये हा नियम राहू दे, पण आपणच ज्याला पाठवलं त्याच्यावर तो लावू नका. आणि उत्तर सापडलं की दोन्हीकडे टाका. माझ्या टक्क्याच्या चिन्हाचं उत्तर आजपर्यंत त्या मुलाच्या आणि माझ्या खाजगी मेसेजमध्ये पडून होतं. या पत्रात लिहिलं तेव्हा ते पहिल्यांदा चारचौघांत आलं.

यात एक अपवाद आहे, आणि खरं सांगायचं तर हे पत्र मी त्याच्यासाठीच लिहायला घेतलं.

शनिवार पेठेत एक गृहस्थ अक्षरजुळणीचं काम करतात. त्यांच्याकडे गणेश मंडळांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिकं, कुणाकुणाची आत्मचरित्रं असा वीस-बावीस वर्षांचा मजकूर जुन्या, युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) आधीच्या फॉन्टमध्ये पडला आहे. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. हे सगळं युनिकोडमध्ये आणावं म्हणून त्यांनी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पायथन शिकून एक स्क्रिप्ट लिहिली. एका चिन्हाच्या जागी एक अक्षर, अशी. ती चालते, पण मजकूर वाकडा निघतो.

का, ते आपल्यापैकी मराठी टाइप करणाऱ्या कोणालाही पटकन कळेल. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. युनिकोडमध्ये, आणि त्याआधीच्या इस्की या भारतीय मानकातही, ती उच्चाराच्या क्रमाने साठवतात. ‘स्थिती’ या शब्दात पहिली वेलांटी कागदावर सगळ्यात आधी दिसते, पण युनिकोडमध्ये ती ‘स्थ’ या पूर्ण जोडाक्षरानंतर यायला हवी. नुसत्या ‘स्’ च्या पुढे नेऊन चालत नाही. रफाराचं बरोबर उलटं. ‘मूर्ती’ मध्ये रफार जुन्या फाइलीत दुसऱ्या वेलांटीच्याही नंतर असतो, आणि युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ हा ‘ती’ च्या आधी न्यावा लागतो. म्हणजे अक्षरं बदलून भागत नाही, जोडाक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे ओळखून क्रम फिरवावा लागतो.

त्यांना प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपने सांगितलं, हा फॉन्टचा प्रश्न आहे. डीटीपीच्या ग्रुपने सांगितलं, आम्हाला पायथन येत नाही. दोघंही खोटं बोलत नव्हते. हा प्रश्न कुठे हलवला तरी अर्धाच बसतो, कारण त्याला दोन माणसं एकाच वेळी लागतात. एकाला त्या फॉन्टच्या तक्त्यात कुठल्या चिन्हाखाली अर्धा ‘श’ आहे हे माहीत हवं, दुसऱ्याला रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले साचे शोधून बदलायची खूण-भाषा) लिहिता यायला हवं. अशा वेळी प्रश्न हलवू नका, माणूस बोलवा.

ज्या पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं एवढं मोठं काम झालं, त्या पुण्यात मराठी मजकुराचा प्रश्न चार महिने बेवारस फिरावा याचं मला फार वाईट वाटतं. देवनागरी युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीपासून, १९९१ पासून, आहे. तिथवर पोचायला या माणसाच्या मजकुराला फक्त दोन जाणकारांची एक संध्याकाळ हवी आहे. मंडळांच्या त्या स्मरणिकांमध्ये कितीतरी कार्यकर्त्यांची नावं, कितीतरी गेलेल्या माणसांचे लेख असतील. त्यांची दुसरी प्रत कुठे असेल असं मला वाटत नाही.

आज सकाळी त्यांनी तोच प्रश्न पुन्हा टाकला आहे, प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपवर, स्क्रिप्ट आणि एका पानाचा नमुना जोडून. त्या ग्रुपच्या ॲडमिनना माझी हात जोडून विनंती आहे, तो मेसेज काढू नका. डीटीपी ग्रुपमधल्या दोघांशी मी बोलले आहे. त्यातल्या एका बाईंकडे त्या फॉन्टचा छापील तक्ता आहे आणि ती रात्री नऊनंतर मोकळी असते. दोघांनाही आपल्या ग्रुपमध्ये घेण्याची विनंती मी दुपारीच पाठवली आहे, ती तेवढी मंजूर करावी.

आपली,
पतसंस्थेत संगणक सांभाळणारी, तिन्ही ग्रुपची एक सदस्य
कोथरूड, पुणे